एका नंबराच्या दोन बंदुका

त्या माणसानं पोत्यात गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवली, पोतं सोडवून नीट घडी करून काखेत घातलं, आणि प्लास्टिकच्या पिशवीतनं परवान्याची झेरॉक्स काढून माझ्यापुढं सरकवली.

"लिवून घ्या बाई. पावती तेवढी लवकर द्या, तीनची गाडी हाय."

विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत न्यायची, असा नियम. आमच्या डोंगराळ तालुक्यात शेताच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने पुष्कळ. रानडुकरं आणि गवे रात्रीत पिकाचा चिखल करून जातात. मला सातवा महिना होता, म्हणून साहेबांनी बंदोबस्तातनं काढून या टेबलावर बसवलं होतं. काम सोपं होतं. नळीवर ठोकलेला नंबर वाचायचा, परवान्यावरच्या नंबराशी जुळतो का बघायचं, चिठ्ठी बांधून बंदूक मागच्या लाकडी घोडीला टेकून रांगेत उभी करायची आणि पावती द्यायची.

मी नंबर वाचला. अकराशे त्रेसष्ट. परवान्यावरही अकराशे त्रेसष्टच.

लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. हा नंबर आज एकदा लिहिल्यासारखा वाटत होता. पान मागं उलटलं. सकाळी दहा वाजता, एकसष्टावी नोंद: गुंडू संतू रेडेकर, हिरणवाडी, ठासणीची बंदूक एक, नंबर ११६३. सही माझीच.

"गुंडू रेडेकर तुम्हीच का?"

"न्हाई. मी रवळू. गुंडू थोरला माझा."

"मग हा परवाना त्यांच्या नावावर आहे."

"व्हय की. थोरला म्हणून त्याच्या नावावर झाला. बा गेल्यावर."

"आणि बंदूक?"

"ही माझी."

मी मागं वळून घोडीकडं बघितलं, तसं त्यानंही मान लांब करून बघितलं. उजवीकडून तिसरी बंदूक त्यानं लगेच ओळखली. चेहऱ्यावर भीती वगैरे काही नाही. उलट चिडलाच.

"आला व्हय हा. तरी म्हटलं सकाळच्या गाडीला कुटं निघालाय. अवो, पाळी माझी हुती बाई."

"कसली पाळी?"

"जमा करायची. एका इलेक्शनला त्यो, एका इलेक्शनला मी. एक परवाना, दोन घरं. मग पाळी नको?"

मला वाटलं, उकाड्यानं माझंच डोकं जड झालंय. परत विचारलं, "म्हणजे तुमच्यात बंदुका दोन आहेत?"

"वाटणी झाली की, बाई. अठरा वर्षं झाली. रान निम्मं, गोठा निम्मा, भांडी निम्मी. बंदूक एकच, ती कशी मोडायची? मग आईनं लोहाराकडनं दुसरी करून घेतली. जुनीचा दस्ता बी काढला आणि दोघींना नवे बसवले. शेजारी ठेवल्या तर करणाऱ्यालाच कळायच्या. दोघांच्यात कमीजास्त नको."

"आणि नंबर?"

"नंबर त्योच ठोकला. दुसरा ठोकला असता तर गुन्हा न्हवं का?" तो माझ्याकडं असा बघत होता, जणू एवढं साधं पोलिसाला कसं कळत नाही. "सरकारात लिवलेली बंदूक एक. जमा हुतीया ती एक. कवा चुकलो न्हाई आम्ही."

खरंच चुकले नव्हते. मी जुनी बाडं काढून बघितली. प्रत्येक निवडणुकीला हिरणवाडीची अकराशे त्रेसष्ट वेळेत जमा, वेळेत परत. अठरा वर्षं सरकारनं एकच बंदूक बघितली होती. ती दोन घरांतनं आलटून पालटून येत होती.

"तुम्ही इथं बसा," मी म्हटलं. "उठायचं नाही."

"माझी गाडी—"

"गाडी जाऊ द्या."

आमचे गुरव हवालदार जेवून स्टँडजवळ चहा घेत असणार. हिरणवाडीला परतीची गाडी तीनचीच, म्हणजे गुंडूही तिथंच असणार. रवळूकडनं वर्णन विचारून घेतलं आणि फोन लावला. "काका, हिरणवाडीचे गुंडू रेडेकर तिथं दिसतात का बघा. उंच, पांढऱ्या मिश्या. घेऊनच या."

दहा मिनिटांत दोघं आले. गुरवकाकांना निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. मोतीबिंदू काढून आठवडा झालेला, डोळ्यावर हिरवा गॉगल. ठाण्यात मला ते हेमाच म्हणत, साहेब समोर असले तरच चौगले. त्यांच्यामागनं आत आलेल्या गुंडूनं भावाला बघितलं, टेबलावरची बंदूक बघितली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मधे दोन माणसांची जागा मोकळी.

"बोला," मी म्हटलं.

"बाई," गुंडू म्हणाला, "त्याला इचारा, कशाला आला."

"बाई," रवळू म्हणाला, "त्याला सांगा, पाळी माझी हुती."

"एकमेकांशी बोलत नाही का तुम्ही?"

"अकरा वर्षं," दोघंही एकदम म्हणाले. त्यात तेवढी एकी होती. पुढं कळलं, चुलतभावाच्या लग्नात मानाचा फेटा आधी कुणाला बांधला, यावरनं झालं होतं.

"बाई, त्याला इचारा," गुंडू म्हणाला, "लोकसभेला कोण आलंतं? मी. जूनमधी ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक, ती त्याची. आता परत माझी."

"पोटनिवडणूक झाली कुटं? बिनविरोध आला न्हवं का बाळू! मी पोलीस पाटलाच्या दारातनं बंदूक माघारी आणली. जमा झालीच न्हाई तर पाळी कशी मोजायची? सांगा त्याला."

"पोलीस पाटलाच्या दारापातूर गेली, म्हंजे झाली."

"हे आई असती तर झालं नसतं," रवळू म्हणाला.

आई श्रावणात गेली होती. जिवंत होती तोवर एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं राहायची. परवाना तिच्या बोचक्यात असे आणि तिच्याबरोबर या घरातनं त्या घरात जाई. कुणाची पाळी, ते तिच्या डोक्यात पक्कं. ज्याची असेल त्याच्या हातात ती कागद ठेवायची. ती गेल्यावर परवाना गुंडूकडं राहिला आणि पोलीस पाटलाकरवी त्यानं भावाला झेरॉक्स पाठवली. पाळी विचारायला मात्र दोघांपैकी कुणी कुणाच्या दारात गेला नाही.

"ह्याला एवढी घाई कशाची?" रवळू माझ्याकडं बघत, पण ऐकू जाईल असं भावाला म्हणत होता. "ह्या वर्षी एक बार काढला न्हाई. डुकरांनी निम्मा नाचणा खाल्ला ह्याचा, तरी हा आपला पत्र्याचा डबा वाजवत बसलाय. सारी वाडी हसती."

गुंडूचं बोट उजव्या भुवईवर गेलं.

गुरवकाकांनी दार लोटून घेतलं. गॉगल काढून त्यांनी दोन्ही बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या, नळ्यांवरनं बोट फिरवलं, डोळ्याजवळ धरून बघितल्या. मग खुर्ची ओढून भावांसमोर बसले आणि लहान पोरांना सांगावं तसं हळू सांगू लागले.

"ऐका. तुम्ही दोघं हौसेनं एक गुन्हा जपत आलाय. परवाना एका बंदुकीला असतो, घराला नसतो. दुसरी आहे ती गावठी. बिनपरवान्याची बाळगली म्हणून वर्षापासून तीन वर्षं आत. करून घेतली, वर सरकारी नंबर ठोकला, असं ठरलं तर सात. कळलं?"

"पर आईनं—" रवळूचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

"आई आता कुठं आहे? कागद थोरल्याच्या नावावर, पावती थोरल्याच्या खिशात. त्यानं सकाळी जमा केली, त्याचं सगळं रीतसर. राहिलास तू. तू आत जाणार."

रवळूनं काखेतलं पोतं मांडीवर घेतलं आणि त्याच्या कडेचे दोरे ओढू लागला. "माझी पोरगी बारावीला हाय," तो म्हणाला. ते कुणाला म्हणाला, कळलं नाही.

माझ्या पोटात बाळ फिरत होतं. मी टेबलाला हात टेकून उभी राहिले.

गुरवकाका मला खिडकीपाशी घेऊन गेले. "हेमा, साहेब पाचला येतील मीटिंगवरनं. अजून तू रवळूची नोंद केलेली नाहीस."

"नाही."

"दर निवडणुकीला ओढ्याकाठी दोन-चार गावठी बंदुका सापडतात. कुणाच्या, कुणी केल्या, कोण सांगणार? नंबरच नसतो. बेवारस म्हणून लिहितो, जिल्ह्याला पाठवतो, तिथं तुकडे करून टाकतात. कुणी आत जात नाही. या बंदुकीची अडचण तेवढीच, हिला नंबर आहे." त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत एक कानस होती. "दोन मिनिटांचं काम. मीच केलं असतं, पण डोळ्याला अजून नीट दिसत नाही."

"काका, हे—"

"चूक आहे. माहीत आहे मला. चाळीस वर्षं नोकरी केली, बंदूक विकणारे वेगळे असतात, ते मी बघितलेत. हे दोघं तसे आहेत का? बघ त्यांच्याकडं."

मी बघितलं. मधली जागा तशीच मोकळी होती. दोघं एकाच तऱ्हेनं गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

नोकरीला लागल्यापासून मी असलं काही केलं नव्हतं. आज मागं वळून बघते तेव्हा मला वाटतं, मी ती कानस दयेनंच उचलली. त्या बारावीतल्या पोरीसाठी उचलली, जिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. रवळूची बंदूक मी आडवी धरली. नंबर नळीच्या बुडाशी होता. कानस पहिल्या आकड्यावर टेकवली आणि एकदा ओढली. लोखंडाचा बारीक चुरा टेबलावर सांडला.

"बाई," गुंडू म्हणाला. "थांबा."

मी थांबले.

"ती खरी हाय."

"कुठली?"

"तुमच्या हातातली. सकाळी मी दिली ती लोहाराची." तो बाकावरनं उठला नाही. तिथनंच बोलत होता, आणि यावेळी मला मधे न घेता भावाकडं बघून बोलत होता. "आतनं नळी सरळ न्हाई तिची. दोनदा बार मागं आलाय. ह्यो बघ." त्यानं उजवी भुवई बोटानं वर केली. भुवईचं टोक नव्हतं, तिथं गुळगुळीत कातडी होती. "मला वाटायचं, दारू जास्त भरली असंल."

मी कानस नळीवरनं उचलली. मी आणखी चार वेळा ती ओढली असती, तर कारखान्यातली चांगली बंदूक बेवारस म्हणून तुकडे व्हायला गेली असती. आणि निकालानंतर गुंडू पावती घेऊन आला असता, तेव्हा ती दुसरी, आज ना उद्या फुटणारी, मीच त्याच्या हातात दिली असती. परवान्यासकट, आमच्या शिक्क्यासकट. नंबर खोडला की माणूस सुटतो एवढंच मला दिसलं होतं. कुठली बंदूक कुणी केली, ती कुणाच्या गालाला टेकते, हे सांगणारंही दुसरं काही उरत नाही, हे दिसलं नव्हतं.

रवळू भावाकडं बघत होता. अकरा वर्षांनी तो त्याच्याशी बोलला ते असं:

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. जायच्या आधी दोन दिवस."

"तिला कसं ठावं?"

गुंडूनं खिडकीकडं बघितलं. "लोहार कवातरी बोलला असंल तिला."

"म्हणून बार काढला न्हाईस व्हय. आणि मी हिकडं सगळ्यांम्होरं..." रवळूनं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, "तर मग हितं कशाला आणलीस? फेकून द्यायची हिरीत."

"आईनं केलेली वस्तू. हिरीत कशी टाकू? हितं असली म्हंजे घरात नसती. मागं न्यायला येणारच न्हवतो."

"आणि आता बोललास कशाला? पावती खिशात हाय की तुझ्या. गाडीत बसून गेला असतास."

गुंडूला या प्रश्नाचं नवल वाटलं. "तुला नेलं असतं न्हवं," तो म्हणाला.

गुरवकाकांनी माझ्या हातनं कानस काढून घेतली आणि खणात न ठेवता टेबलावरच ठेवली. "आता लपवायचं काय राहिलं," ते म्हणाले. "चौगले, कागद घे. जबाब लिही."

रवळू घरी फोन करायला बाहेर गेला. त्याच्या फोनला रेंज अंगणातल्या आंब्याखालीच मिळत होती. गुरवकाका त्याच्याबरोबर गेले. खोलीत मी आणि गुंडू उरलो. मी कोरा कागद समोर घेतला.

"वाटणी कशी झाली, ते सांगा. कुणी कुठली घेतली?"

"आईनं मूठ धरली," तो म्हणाला. "आमच्यात तसंच करत्यात. दोन्ही बंदुका घोंगडीवर मांडल्या. सुपारी निघाली तर डावी, हळकुंड निघालं तर उजवी. एका मुठीत सुपारी, एका मुठीत हळकुंड. थोरला म्हणून आधी मी हात लावायचा. मी लावला. तिनं मूठ उघडली, सुपारी. मला डावी, रवळूला उजवी."

मी लिहीत होते. तो थांबला, म्हणून वर बघितलं.

"एक गोष्ट लिवू नका बाई. पर सांगतो. कुणाला तरी सांगाय पायजे." त्यानं दाराकडं बघून आवाज बारीक केला. "दुसरी मूठ तिनं उघडलीच न्हवती. कोण उघडाय सांगणार? आई ती. जायच्या आधी मला म्हणाली, गुंड्या, दोन्ही मुठीत सुपारीच हुती."

मला लगेच कळलं नाही. मग कळलं.

"तिला तेव्हापासून माहीत होतं?"

"लोहारानं करतानाच सांगितलं हुतं. नळीचा भरवसा न्हाई, एकदा फुटंल. तिला दोघांस्नी सारखं बी द्यायचं हुतं, आणि..." तो जरा वेळ आपल्या तळहाताकडं बघत राहिला. "रवळूच्या घरात तवा पाळणा हालत हुता. चार महिन्यांची पोर. माझ्यात काय न्हवतं. पुढं बी झालं न्हाई."

बाहेर रवळू मोठ्यानं फोनवर कुणाला तरी सांगत होता, काय नाही, जेवून घ्या, उशीर होईल.

"राग आला नाही?" हे मी पोलीस म्हणून विचारलं नव्हतं.

"आला की. तिचा दहावा घालेपातूर आला." तो जरासा हसला. "मग आठवाय लागलं. माझ्या घरचा महिना असला की ती मला बंदूक घेऊन बाहेर सोडायची न्हाई. सांजचं पोटात दुखायचं तिच्या, न्हाईतर चक्कर यायची, न्हाईतर म्हणायची, गुंड्या, आज माझ्याजवळ बस. माझी बायकू म्हणायची, म्हातारी नाटकी हाय. मला वाटायचं, लाड करून घेतीया. अठरा वर्षांत निम्मे महिने. आणि रवळूकडं गेली की रोज सांजचं आमच्या दारातनं एक चक्कर. बंदूक खुंटीला हाय का बघायची आणि जायची. बसायची न्हाई."

मी पेन खाली ठेवलं होतं. पोटावर हात कधी ठेवला ते माझं मलाच कळलं नाही.

"रवळूला हे सांगू नका," तो म्हणाला. "त्याला वाटू दे, मूठ निघाली. पोरीचं तोंड बघंल आणि कायमचं डोक्यात घेऊन बसंल त्यो. आईचं नाव पायजे तर लिवा. तिनंच करून घेतली, ते खरंच हाय. मुठीचं नको."

मी जबाब लिहिला. आईनं करून घेतली, नंबर तिनंच ठोकून घेतला, दोन्ही भावांना दोन बंदुका असल्याचं माहीत होतं, कुठली गावठी ते माहीत नव्हतं, अलीकडं थोरल्याला आईकडून कळलं. मुठींच्या जागी लिहिलं: "आईने धरलेल्या दोन मुठींमधून निवड करून वाटणी झाली." रवळू आत आल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. दोघांनी सह्या केल्या. रवळूनं सही करून पेन भावाच्या हातात दिलं, मला परत दिलं नाही.

साहेब पाचला आले. मुठींचं सोडून मी सगळं सांगितलं, कानशीचंही. कानस आपणच काढून दिली, असं गुरवकाका माझ्याआधीच बोलून गेले. आम्हा दोघांची खातेनिहाय चौकशी झाली, माझी एक वेतनवाढ थांबली. परवाना रद्द झाला. दोन्ही बंदुका जिल्ह्याला गेल्या. तिथल्या तज्ज्ञांनी गुंडूचं म्हणणं खरं ठरवलं. सकाळची बंदूक पुढं थंडीत की उन्हाळ्यात, कधी फुटली असती सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. भावांना थोडे दिवस कोठडी झाली, मग जामीन, मग तारखा. शेवटी शिक्षा झाली, ती गुंडूला जास्त आणि रवळूला कमी. शिक्षा सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत दोघंही घरी होते.

त्याआधी खटल्यात माझी साक्ष झाली तेव्हा माझी मुलगी अडीच वर्षांची होती. कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या आईच्या मांडीवर बसून ती बिस्किटाचा पुडा फोडत होती. तो आवाज मला आत ऐकू येत होता.

शपथ घेऊन झाली. सरकारी वकिलांचे प्रश्न झाले. मग भावांचे वकील उठले. तरुण होते, चांगले होते. वाटणीच्या वेळी दोघांपैकी कुणालाच आपली बंदूक खरी की खोटी हे माहीत नव्हतं, एवढं त्यांना माझ्या तोंडून हवं होतं. त्यांनी माझ्याच हातचा जबाब माझ्यापुढं धरला.

"ही वाटणी आरोपींच्या आईनं मूठ धरून केली, असं आरोपी क्रमांक एकनं तुम्हाला सांगितलं?"

"हो."

"त्याच्या वाट्याची मूठ उघडली, तेव्हा तिच्यात काय होतं?"

"सुपारी."

"आणि दुसऱ्या मुठीत?"

ते सहज विचारत होते. प्रश्नांची रांग पुरी करायला विचारावं तसं. आरोपींच्या बाकावर रवळू पुढं वाकून ऐकत होता. या गोष्टीत त्याला रस वाटत असावा, त्याच्या घरची जुनी गोष्ट साहेबलोक कोर्टात बोलत होते. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागून, गुंडू बसला होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. डोळे मिटून बसला होता.

"हळकुंड," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी मान न वळवता टायपिस्टला सांगितलं, "दुसऱ्या मुठीत हळकुंड होते." ते उमटेपर्यंत मी पिंजऱ्यात उभी राहिले. मग त्यांनी मला जायला सांगितलं.